गवताच्या बाजूचा माणूस

चाचांना झाडं आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पर्यावरणाचं काम करणाऱ्या माणसाबद्दल लिहायला घेतलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक वडाचं झाड, त्याला मिठी मारलेला एक दाढीवाला आणि खाली एखादं सुवचन असं कॅलेंडर उभं राहतं. चाचांना दाढी होती, तेवढं बरोबर. पण वडाला त्यांनी मिठी मारली असती, तर ती फक्त कुठून कापायचा याचा अंदाज घ्यायला.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. पाथर्डीच्या पूर्वेला, मराठवाड्याच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. एका संस्थेने त्या गावाचं चाळीस एकर गायरान पुन्हा गवताखाली आणायचं काम घेतलं होतं. त्यासाठी आम्हा सात-आठ पोरापोरींचं पथक भरायचं होतं. वर्षभर गावात राहायचं, वेडी बाभूळ काढायची, बी गोळा करायचं, पेरायचं. मधोमध बसलेल्या संस्थेच्या साहेबांनी मला माझी ध्येयं विचारली. मी पाठ करून आणलेली ध्येयं सांगितली. मग कडेला भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या एका वाळक्या म्हाताऱ्याने मान वर केली.

"आवडतं झाड कोनतं?"

"वड."

"का?"

"सावली देतो. पक्ष्यांना आसरा देतो. शिवाय शंभर-शंभर वर्षं..."

"नापास," म्हातारा म्हणाला आणि पुढची शेंग फोडली.

साहेब हसले. म्हणाले, चाचांची अशी गंमत असते. मग गंमत पुढे चालवायची म्हणून त्यांनी मला विचारलं, गवताबद्दल काय माहिती आहे? मी देवळाली प्रवराची. घरचा ऊस. खरं तेच सांगितलं, "आमच्याकडे गवत दिसलं की तणनाशक मारतात."

चाचांनी शेंगांचा कागद बाजूला ठेवला. "ही खरं बोलती. घ्या हिला."

अशी मी लागले. त्याआधी मी बीएस्सी होऊन दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देत होते, आणि दोन्ही वेळा परीक्षेने मला आदराने परत पाठवलं होतं. घरी सांगितलं, माळावर गवत लावायला चाललेय, तेव्हा वडिलांनी हातातला तणनाशकाचा पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "गवत लावायला पाथर्डीला कशाला जायला पाहिजे? आपल्या बांधावर लाव की. तू लाव, मी मारतो. दोघांनाबी काम." आईचं अर्धं आयुष्य खुरपण्यात गेलेलं. तिला वाटलं, मी तिच्यावर कसला तरी सूड घेतेय.

चाचा मूळचे संगमनेरचे. तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि आता संस्थेने आमच्या पथकाला माळ शिकवायला ठेवलेले. परिचर म्हणजे बरण्या धुणारा, वर्ग झाडणारा, सहलीला डबे उचलणारा. प्राध्यापक बदलत गेले, चाचा तिथेच राहिले. तीस वर्षं वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवता चिकटवता त्यांना गवतांची सगळी शास्त्रीय नावं पाठ झाली होती. ती नावं ते भावकीतल्या माणसांसारखी घ्यायचे. "हा डायकँथियम. म्हंजे आपला मारवेल. गरीब हाय, कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. हा सेहिमा, आपला पवन्या. ह्यो खरा खानदानी. जनावर ह्येला सोडून दुसरीकडं बघत न्हाई. आन् हा हेटेरोपोगॉन, म्हंजे कुसळी. ह्येच्यापासून जपून. टोचल्याशिवाय वळख दाखवत न्हाई."

त्यांच्या मते झाडं गर्विष्ठ असतात. "उंच झालं म्हंजे काय अक्कल आली का?" दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे माळाच्या कडेच्या लिंबाखाली बसायचो. चाचा त्या सावलीपासून चार पावलांवर, भर उन्हात, काळी छत्री उघडून त्याखाली बसायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "मला नको त्येचे उपकार. उद्या मी त्येच्याविरुद्ध बोलायचं कसं?" वैशाखातसुद्धा. एकदा वाऱ्याने छत्री उलटी झाली, तर तशीच उलटी धरून त्यांनी भाकरी संपवली, पण सरकले नाहीत.

माळभर पसरून गवताला जगू न देणारी वेडी बाभूळ मात्र त्यांची खरी दुश्मन. ती काढताना ते तिच्याशी फार अदबीने बोलायचे. "या साहेब. नमस्कार. लई वर्सं बसलात हितं, पाहुनचार झाला. आता उठा." आणि मग कुऱ्हाड. आमच्यातला अक्षय रोज याचे रील काढायचा, म्हणून चाचा त्याला रीळ म्हणत. मला ते देवळाली म्हणत. खऱ्या नावांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आमचं शास्त्रीय नाव कळेपर्यंत गावठी नावावर भागवायचं, असं ते म्हणायचे.

'पडीक' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. गायरानाच्या नकाशावर कुणीतरी 'पडीक जमीन' असं छापलं होतं. चाचांनी बॉलपेनने ते खोडून वर 'चालू' असं लिहिलं होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही तेच केलं. ग्रामसेवक वैतागले, तर म्हणाले, "माळ रिकामा नसतो, बघनारा रिकामा असतो. तुमी चष्मा बदला." शुक्रवारी दुपारी ते मोटारसायकलवरून पाथर्डीला नमाजाला जायचे आणि येताना आम्हाला भेळ आणायचे. तिथून परतताना एकदा तहसीलच्या भिंतीवरचा 'पडीक'ही दुरुस्त करून आले, असं ते सांगायचे. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. त्या भिंतीकडे मी कधी बघितलं नाही.

गायरानाला कुंपण नव्हतं. ग्रामसभेत ठरलं होतं, दिवाळीपर्यंत कुणी जनावर सोडायचं नाही, दिवाळीनंतर गवत कापून ज्याने त्याने घरी न्यायचं. सगळं गाव ते पाळायचं. एकट्या तारामावशी पाळायच्या नाहीत. तारामावशींची वस्ती माळाच्या अगदी खालच्या टोकाला. त्यांची पाच शेरडं एक दिवसाआड आमच्या पेरलेल्या पट्ट्यात असत, आणि एक दिवसाआड चाचा त्यांच्या दारात.

"ताराबाई, तुमची शेरडं माझ्या पवन्यात हायेत."

"तुमचा पवन्या? गायरान गावाचं हाय. म्या काय गावाभाईर राहते का?"

"आत्ता खाल्लं तर दिवाळीला काय खातील?"

"दिवाळीपत्तर जगली तर इचारीन की त्यांला."

हे भांडण मी ऐन भरात असताना पाहिलं आणि मला वाटलं, आता हे पंचायतीत जाणार. तर दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा गवताचा भारा पाठीवर घेऊन तारामावशींच्या दारात. रस्त्याकडेचं, बांधावरचं, हाती लागेल ते कापून आणलेलं. शेरडांचं पोट घरीच भरलं की ती माळावर येणार नाहीत, हा हिशेब. त्या पावसाळ्यात तीन महिने ते रोज हा भारा टाकत होते. टाकताना भांडतही होते. "घ्या. खा म्हनावं. लाजा न्हाईत तुमच्या शेरडांना." आतून तारामावशी म्हणायच्या, "हिरवं आना जरा, हे काय बुडखं आनलंय."

एकदा त्यांची कंबर धरली, तेव्हा भारा घेऊन मला पाठवलं. स्वतः काठी टेकत मागून आले. पाठवायचं असेल तर मागून यायचं नाही, एवढा साधा नियम त्यांना ठाऊक नव्हता. तारामावशींनी चहा ठेवला आणि विचारलं, "तू कुठली गं?"

"देवळाली प्रवरा."

"कोंच्या अंगाला?"

मी सांगितलं.

"कॅनॉलच्या पल्याड, नारळाची रांग हाय, त्यो मळा?"

"तो आमचाच."

"अगं बया!" तारामावशी मनापासून हसल्या. "त्यो तोडलाय की म्या. दोन साल. विहिरीपाशी आमची कोपी व्हती."

मला त्या कोप्या आठवत होत्या. थंडी पडायला लागली की मळ्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या राहायच्या. तोडणीवाल्यांची टोळी यायची, पहाटेपासून कोयत्यांचे आवाज यायचे, आणि ऊस संपला की एक दिवस तिथे नुसती राख दिसायची. ही माणसं कुठून येतात आणि कुठे जातात, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. थंडी कुठून येते, हे कोण विचारतं? कोप्यांकडे जायचं नाही, एवढंच आईने सांगितलं होतं. आणि मी गेले नव्हते.

आता त्याच बाईच्या हातचा चहा माझ्या हातात होता. तारामावशींना त्याचं काहीच नव्हतं. त्या आपल्या सांगत होत्या, "आता कंबर गेली गं माझी. मोळी डोक्यावर घिववत न्हाई. पन शेरडं कोनापाशी ठिवायची? दरसाल पाव्हन्याकडं ठिवते, परत येस्तवर निम्मी ऱ्हात्यात. ह्या म्हाताऱ्याचं गवत झालं, तर म्या यंदा जात न्हाई. शेरडांपाशी बसते. धनी जातील लेकासंगं."

मी चाचांकडे बघितलं. ते शेरडाच्या तोंडातून गवताची एक काडी ओढून तपासत होते.

परत येताना चाचा म्हणाले, "ऊसबी गवतच हाय, देवळाली. एकाच खानदानातलं. लाडानं मस्ती आलेलं."

मी हसले. मला वाटतं, हसावं म्हणूनच ते बोलले.

त्या वर्षी गवत खरंच झालं. काम सुरू होऊन तीन पावसाळे झाले होते. आमच्या आधीच्या दोन पथकांनी वरच्या पट्ट्यातली कुसळी काढून काढून पवन्या आणि मारवेल पेरला होता, तो आता गुडघ्यापर्यंत आला. खालच्या पट्ट्यात मात्र अजून कुसळीचं राज्य होतं. चाचा रोज वरच्या पट्ट्यात उभे राहून, सासऱ्याने नवी सून बघावी तसे कौतुकाने आणि संशयाने त्याच्याकडे बघत.

आणि दसऱ्याच्या सुमाराला संस्थेच्या ऑफिसातून निरोप आला. संस्थेला मदत करणारी एक मोठी कंपनी आपल्या गायरानावर वृक्षारोपण करणार. एका दिवसात हजारो झाडं. पाहुणे स्वतः येणार. जुलैत यायचं ठरलं होतं, पण मोठ्या साहेबांना तारीख मिळाली नव्हती, म्हणून आता. जागा वरचा पट्टा, कारण तिथून फोटो चांगले येतात.

पाऊस संपलेला, जमीन कडक होत चाललेली, आणि आम्ही तीन वर्षं जमवलेल्या गवतात झाडं लावायची. अक्षयसुद्धा म्हणाला, हे येडपटपणाचं आहे. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मोटारसायकल काढली आणि ऑफिसला गेले. तिन्हीसांजेला परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चहा पाजला. दोनदा."

"आणि?"

"चाचा, तुमी आमचे आधारस्तंभ आहात, म्हनाले." त्यांनी शर्टाची बटणं सोडली. "खांब म्हंजे काय? मेलेलं झाडच की."

दोन दिवसांनी जेसीबी आला आणि वरच्या पट्ट्याच्या कडेने खड्ड्यांची पहिली रांग काढून गेला. उरलेले खड्डे पाहुण्यांसमोर काढायचे होते, कारण तेही फोटोत चांगले दिसतात. पवन्याचे ठोंब मातीखाली दबले होते. चाचा एकेक ठोंब वर काढून, माती झटकून, पुन्हा जमिनीत बसवत राहिले. त्या दिवशी ते कुणाशी भांडले नाहीत. आम्हाला ती जास्त काळजीची गोष्ट वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी दहाच्या सुमाराला तीन गाड्या आल्या. शाळेत नारळ, हार, भाषणं झाली. मग सगळ्यांनी चालत माळावर जायचं होतं. कंपनीचे मोठे साहेब पांढऱ्याशुभ्र सुती पँटीत. त्यांच्याबरोबर कंपनीचं वृक्षारोपणाचं काम बघणाऱ्या, रेशमी साडीतल्या एक मॅडम, पाच-सहा माणसं आणि एक फोटोग्राफर. चाचा टोपी घालून सगळ्यांच्या पुढे. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन सगळ्यांच्या मागे.

वरच्या पट्ट्याला बांधावरून सरळ वाट जाते. दहा मिनिटांची. पण बांध जिथे सुरू होतो, तिथे चाचा डावीकडे वळले. खालच्या पट्ट्याकडे.

मी पुढे पळत गेले. "चाचा, वाट तिकडून..."

"चूप," ते हळूच म्हणाले. "पाहुन्यांना माळ बघायचाय ना? दाखवू."

कुसळी पिकली की दिसायला फार सुंदर असते. उन्हात सोन्यासारखी. वारा आला की सगळी एकदम झुकते. पाहुणे खूश झाले. मोठ्या साहेबांनी तिच्यात उभं राहून फोटो काढून घेतले. मॅडमनी हात पसरून एक फेरी घेतली. अक्षयने रील काढलं, ते अजून त्याच्याकडे आहे. साधारण दोन मिनिटं अशी आनंदात गेली.

मग मोठे साहेब थांबले. "काहीतरी चावतंय."

"चावत न्हाई साहेब, पेरतंय," चाचा म्हणाले. तीस वर्षं प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून ऐकलेला तास त्यांना अखेर घ्यायला मिळाला होता. "बी हाय ते. खाली सुईवानी टोक, वर शेपूट. तुमाला जमीन समजून आत शिरतंय. शेपटाला ओल लागली की स्क्रूवानी फिरतं. घाम आलाय का?"

घाम आला होता.

"मग शिरनारच."

साहेबांनी पाय झटकला, तशी कुसळं मांडीपर्यंत चढली. मॅडमची साडी तर आता साडी राहिलीच नव्हती, तिचं उभं साळिंदर झालं होतं. कुणी वाकून मोजे काढायला गेलं, त्याच्या बाह्या भरल्या.

"अजून किती आहे?" साहेब ओरडले.

"निम्मं झालं," चाचा शांतपणे म्हणाले. "मागं जायचं तर एवढंच, पुढं जायचं तर एवढंच."

पुढे जायचं ठरलं. पुढे म्हणजे माळाच्या खालच्या टोकाला. तारामावशींच्या वस्तीवर.

त्यानंतरचा तासभर मी कधी विसरणार नाही. मोठे साहेब तारामावशींच्या धन्याचं धोतर नेसून बाजेवर बसले होते आणि त्यांची पँट भिंतीवर पसरून दोन बाया तिच्यातली कुसळं वेचत होत्या. फोटोग्राफरच्या घोट्यात एक कुसळ खोल गेलं होतं, रक्त आलं होतं. चाचांनी शर्टाच्या खिशातून चिमटा काढला, त्याच्या पुढ्यात मांडी घातली आणि अर्धा तास खपून ते सबंध बाहेर काढलं. "तुला न्हाई रे लागायला पाहिजे होतं," ते त्याला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मागितलेली ही एकच माफी. झाडांचा टेम्पो माळाच्या दुसऱ्या टोकाला हॉर्न वाजवत उभा होता.

मॅडम ओसरीवर तारामावशींच्या शेजारी बसून पदरातली कुसळं काढत होत्या. त्या चिडल्या होत्या, साहजिक होतं. म्हणाल्या, "हे असलं टोचणारं गवत तुम्ही ठेवता कशाला?"

"कोन ठिवतंय?" तारामावशी म्हणाल्या. "वरल्या अंगाला बी हेच व्हतं की. तीन वर्सं काढूकाढू चाचानी तिथं पवन्या आनला. यंदा पैल्यांदा कापायचाय. म्हनून तर म्या ऊसतोडीला जात न्हाई. अन् तुमचे खड्डे बी तिथंच हायेत."

मॅडमचा हात थांबला. "मग झाडं कुठे लावायची?"

"वढ्याला लावा. शाळंमागं लावा. पोरं सावलीत बसतील. आमाला काय झाडाचं वाकडं हाय का? ह्या म्हाताऱ्याला हाय."

मॅडमनी फोन काढला आणि टेम्पो ओढ्याकडे न्यायला सांगितलं. चाचा ऑफिसात जाऊन जे करू शकले नव्हते, ते तारामावशींनी साडीतली कुसळं वेचता वेचता केलं. चाचांनी ते ऐकलं आणि पुटपुटले, "वढ्याला चालतील. तिथं त्यांची अडगळ होत न्हाई."

पण धोतर नेसून बाजेवर बसलेला माणूस कंपनीचा मोठा साहेब होता, आणि धोतराचा फोटो कुठे कुठे फिरला होता. चार दिवसांनी संस्थेचे साहेब आले. आम्हाला एकेकाला ग्रामपंचायतीच्या खोलीत बोलावून विचारलं, वाट मुद्दाम बदलली का?

मला माहीत होतं, हो म्हटलं तर चाचा जाणार. मी म्हटलं, "चाचांचं वय झालंय, सर. हल्ली त्यांना वाटा नीट आठवत नाहीत. चुकले ते."

साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनाही हेच हवं होतं. सगळ्यांना हेच हवं होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ती मिटली. मी मोठ्या कर्तबगारीने बाहेर आले. खिडकीखाली चाचा बसले होते.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी माळावर त्यांनी मला हाक मारली, माझ्या पूर्ण नावाने, आडनावासकट. वर म्हणाले, "मॅडम, घमेलं द्या का जरा. तुमाला तरास नसंल तर." अशी अदब ते फक्त वेड्या बाभळीला दाखवत असत.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्यांनी वहीचं पान फाडून स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला आणि आमच्यासमोर मोठ्याने वाचला. "मी वाट चुकलो नाही. सदर माळावरील प्रत्येक वाट मला माहीत आहे. पाहुण्यांना कुसळीतून मी जाणूनबुजून नेले. नेताना मला आनंद झाला. करिता माहितीस्तव सादर."

मी त्यांच्यामागे मोटारसायकलपर्यंत गेले. मला रडू येत होतं. "चाचा, मी तुम्हाला वाचवायला बोलले."

"वाचवलं व्हय?" ते माझ्याकडे वळले. "तीस वर्सं प्रोफेसर पुढं आन् मी मागं डबे घेऊन. मला माहीत असायचं पुढं काय हाय. पन विचारायचं कुनी न्हाई. हितं पैल्यांदा मी पुढं चाललो. आन् तू सांगती, म्हातारा वाट चुकला."

मोटारसायकल तिसऱ्या किकला सुरू झाली. ती बंद पडू नये म्हणून मूठ पिळत ते ओरडले, "हितं काय उभी ऱ्हायलीस? मारवेलचं बी झडायला लागलंय. गोळा कर जा, देवळाली."

मला देवळाली म्हणाले, म्हणून मी आणखी रडले. मग बी गोळा करायला गेले.

महिनाअखेरीला त्यांचं काम संपवण्यात आलं. जीपमध्ये ट्रंक चढवताना ते जीपवाल्याशी भाड्यावरून भांडले, शेजारणीच्या कोंबडीवरून भांडले आणि गेले. दिवाळी झाली आणि गाव वरचा पट्टा कापायला उतरलं. तारामावशींनी सगळ्यांआधी. त्यांच्या घराशेजारी गवताची गंजी उभी राहिली, घरापेक्षा थोडी उंच. मग टोळ्यांचे ट्रक भरून गेले आणि त्या ट्रकमध्ये त्या नव्हत्या. फाट्यापर्यंत जाऊन धन्याला आणि लेकाला निरोप देऊन आल्या, आणि बाजेवर बसून म्हणाल्या, "बया, हिवाळ्यात आपलं गाव कसं दिसतं, ह्येच म्या इसरले व्हते."

माझं वर्ष संपलं तरी मी राहिले. चाचांच्या जागेवर यायला कुणी तयार होत नव्हतं, आणि साहेबांना आता म्हातारे नको होते. त्याला चार वर्षं झाली. चाचांचे गुडघे गेले, म्हणून ते संगमनेरलाच असतात. फोन केला की आधी गवत कसं आहे विचारतात. मी कशी आहे ते मग, आठवलं तर.

गेल्या श्रावणात वरच्या पट्ट्यात एक गवत उगवलं, जे आम्ही पेरलं नव्हतं. बारीक, निळसर, देठाला नखाएवढा तुरा. पुस्तकं पाहिली, कुठेच बसेना. चाचांना फोटो पाठवला, तर लगेच फोन. "फोटोत काय कळतंय? लोकं फोटोवरनं सूनबी करत न्हाईत." दुसऱ्या दिवशी नगरला एक एसटी, पाथर्डीला दुसरी आणि पुढे जीप करून म्हातारा काठी टेकत माळावर हजर.

ते गवतापाशी बसले. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाय लांब सोडून बसले. भिंग लावलं. पानं उलटी करून पाहिली, देठ कानाशी धरून मोडला, तुरा तळहातावर चोळला. तासभर. मी आणि पथकातली नवी पोरं भोवती उभी.

"माहीत न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तोंड तर असं, जणू कुणी त्यात पेढा ठेवलाय.

खालून जीपचा हॉर्न आला. पाथर्डीची शेवटची जीप. मी म्हटलं, "चाचा, जीप निघाली. चाची वाट बघत असतील घरी."

"तिला फोन लाव. सांग, मला एक गवत वळखंना."

मी फोन लावला आणि चाचींना तसंच सांगितलं. चाची म्हणाल्या, "म्हंजे आता आठ दिस येत न्हाईत. बीपीच्या गोळ्या कुनाच्या हाती पाठवू?"